तीन बहिणी, दोन घरं आणि एक जुना वाद

भारतात महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली आणि पहिलं विजेतेपद मुंबईच्या वासंती खाडिलकरने पटकावलं. पुढची जवळपास दहा वर्षं हे विजेतेपद खाडिलकरांच्या घराबाहेर गेलंच नाही. वासंतीनंतर जयश्री, तिच्यानंतर रोहिणी, मग पुन्हा जयश्री, पुन्हा रोहिणी. रोहिणी पहिल्यांदा राष्ट्रीय विजेती झाली तेव्हा अवघी १३ वर्षांची होती. जयश्री १९७९ मध्ये महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळवणारी पहिली भारतीय ठरली. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. एवढा मोठा देश, आणि पटावरचं राज्य एका घरातल्या तिघींकडे!

याचं कारण चारचौघांत विचारलं की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ते रक्तातच असावं लागतं. पुरावाही त्याच्याकडे तयार असतो : पणजोबा म्हणजे नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, ‘कीचकवध’चे लेखक आणि ‘नवाकाळ’चे संस्थापक. वडील नीलकंठ खाडिलकर, आपल्या अग्रलेखांनी गाजलेले संपादक. खाण तशी माती. दुसरा पक्ष म्हणतो, रक्ताचं काय घेऊन बसलात? सत्तरच्या दशकात किती घरांत मुलींसमोर पट मांडला जात होता? किती बाप मुलींना घेऊन गावोगावच्या स्पर्धांना जात होते? आणि तोडीस तोड खेळणारी बहीण रोज समोर बसायला किती जणींना मिळत होती?

गंमत अशी, की दोन्ही पक्ष एकाच घराकडे बोट दाखवतात. आईबाप मुलांना गुणसूत्रं देतात आणि घरही तेच देतात. दोन्ही गोष्टी एकाच पुडीत बांधून येतात, त्यामुळे एका घराची हकीकत कितीही बारकाईने तपासली तरी पुडीतलं काय किती, हे कळत नाही. असामान्य क्षमता येते कुठून, या वादाची दीडशे वर्षं बहुतांशी ही पुडी सोडवण्याच्या खटपटीत गेली आहेत. आणि या खटपटीत बुद्धिबळाइतकं उपयोगी पडलेलं दुसरं क्षेत्र क्वचितच सापडेल. कारण इथे कोण किती चांगला हे समीक्षकाच्या मर्जीवर ठरत नाही. प्रत्येक नोंदणीकृत खेळाडूच्या नावापुढे रेटिंगचा आकडा असतो आणि खेळलेला प्रत्येक डाव लिहून ठेवलेला असतो.

बुडापेस्टमधला बेत

खाडिलकर भगिनी भारतात जिंकत होत्या त्याच सुमारास हंगेरीत आणखी तीन बहिणी पटापाशी वाढत होत्या. फरक एवढाच, की त्यांच्याबाबतीत सगळं आधी ठरवून चाललं होतं. लास्लो पोल्गर या शिक्षणतज्ज्ञाने थोरामोठ्यांची चरित्रं वाचून एक मत बनवलं होतं : सुदृढ जन्मलेलं कुठलंही मूल लवकर हाती घेतलं आणि एकाच विषयात नीट तालीम दिली, तर ते असामान्य होऊ शकतं. क्लारा या युक्रेनमधल्या शिक्षिकेशी त्याचा पत्रव्यवहार झाला तो याच विषयावर. लग्न झालं आणि प्रयोगाला सुरुवात झाली. सुसान १९६९ मध्ये जन्मली, सोफिया १९७४ मध्ये, ज्युडिट १९७६ मध्ये.

विषय बुद्धिबळच का? चार वर्षांच्या सुसानला घरातल्या कपाटात सोंगट्या सापडल्या, हे एक निमित्त. पण लास्लोच्या दृष्टीने खरं कारण वेगळं होतं. चित्र किंवा कविता चांगली की वाईट यावर वाद घालता येतो, बुद्धिबळातला निकाल वादातीत असतो. मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरलं. त्यासाठी सरकारी अधिकाऱ्यांशी भांडावं लागलं. घरात बुद्धिबळाच्या पुस्तकांची कपाटं उभी राहिली आणि गाजलेल्या डावांची कार्डांवर उतरवलेली मोठी सूची तयार झाली. लास्लो स्वतः बेताचाच खेळाडू होता, त्यामुळे मुली थोड्या मोठ्या झाल्यावर त्याने बाहेरचे शिक्षक आणले.

निकाल जगाने पाहिला. सुसान पंधराव्या वर्षी जगातल्या महिलांच्या क्रमवारीत अव्वल आली. १९९१ मध्ये तिने पुरुषांसाठी असतात त्याच निकषांवर ग्रँडमास्टर किताब मिळवला, आणि १९९६ मध्ये ती महिलांची जगज्जेती झाली. सोफियाने १९८९ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, रोममधल्या एका स्पर्धेत ग्रँडमास्टरांना हरवत ९ पैकी साडेआठ गुण मिळवले. ज्युडिट १९९१ मध्ये १५ वर्षं ४ महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली आणि बॉबी फिशरचा विक्रम तिने सुमारे महिनाभराने मोडला. पुढे ती जगातल्या पहिल्या दहा खेळाडूंत पोचली. ‘पहिल्या दहा’ म्हणजे स्त्री-पुरुष सगळ्यांमध्ये मिळून. २००२ मध्ये तिने जलद डावात गॅरी कास्पारॉव्हला हरवलं.

मग लास्लोचा मुद्दा सिद्ध झाला का? एक गोष्ट निर्विवाद सिद्ध झाली : मुलींचा मेंदू या खेळासाठी बनलेला नाही, हे तोवर मोठमोठे खेळाडूही बिनदिक्कत बोलत असलेलं वाक्य खोटं ठरलं. पण ‘कुठलंही मूल’ हा दावा तसाच राहिला. तिन्ही मुली एकाच जोडप्याच्या, ते जोडपं शिक्षकी पेशातलं, आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. एका धनाढ्य डच बुद्धिबळप्रेमीने लास्लोला सुचवलं होतं, की गरीब देशातले तीन मुलगे दत्तक घ्या आणि त्यांना असंच वाढवा, खर्च माझा. खरी परीक्षा तीच झाली असती. क्लाराने नकार दिला, आणि बरंच केलं. मुलं काही कुणाचा सिद्धांत पडताळण्यासाठी वाढवायची नसतात.

शिवाय प्रयोग घरातल्या घरातच फाटे फोडून बसला. बाप एक, पद्धत एक, घर एक. तरी एक आंतरराष्ट्रीय मास्टरपर्यंत पोचून पुढे कमी खेळू लागली, एक जगज्जेती झाली आणि एक इतिहासातली सर्वांत बलाढ्य महिला खेळाडू ठरली. उपजत चुणूक सर्वांत जास्त सोफियाकडे होती आणि ज्युडिटची सुरुवात संथ होती, पण मेहनत दांडगी, असं सुसानने पुढे सांगितलं. शिवाय घर तरी एकच कुठे होतं? सुसान शिकू लागली तेव्हा समोर बेताचा खेळणारा बाप होता. ज्युडिट पटाशी आली तेव्हा घरात दोन तयार खेळाडू बहिणी होत्या. धाकटीला मिळालेलं घर थोरलीला मिळालेलंच नव्हतं.

न्यायाधीशांची वंशावळ

हा वाद शास्त्राच्या भाषेत पहिल्यांदा मांडला तो इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने. तो चार्ल्स डार्विनच्या आतेमामे भावांपैकी; दोघांचे एक आजोबा सामाईक. १८६९ मध्ये त्याने ‘हेरेडिटरी जीनियस’ हे पुस्तक लिहिलं. इंग्लंडमधले न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती, शास्त्रज्ञ, कवी यांच्या नातेवाइकांची त्याने मोजदाद केली. नामांकित माणसाच्या मुलांत आणि भावांत नामांकित माणसं अधिक निघतात, नातं दूरचं होत जाईल तसतशी ती कमी होतात, असं त्याला आढळलं. निष्कर्ष त्याने बेधडक काढला : प्रतिभा वंशपरंपरेने येते.

न्यायाधीशाच्या मुलाला बापाचं नाक मिळतं तसं बापाचं ग्रंथालय, बापाच्या ओळखी आणि बापाच्या पैशावरचं शिक्षणही मिळतं, याकडे गाल्टनने सोयीस्कर काणाडोळा केला होता. त्यावर चार वर्षांनी उत्तर दिलं ते जिनीव्हाच्या आल्फोन्स द कँडोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने. युरोपातल्या विज्ञान अकादमींचे परदेशी सभासद कोणत्या देशातून येतात, हे त्याने मोजलं. चिमुकल्या स्वित्झर्लंडचा वाटा लोकसंख्येच्या मानाने भलताच मोठा निघाला. मग त्याने कारणं शोधली : शिक्षणाच्या सोयी, ग्रंथालयं, मत मांडण्याचं स्वातंत्र्य, ज्ञानाला मान देणारा समाज. मौज म्हणजे परिस्थितीची बाजू मांडणारा हा माणूस स्वतः नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाचा मुलगा होता आणि बापाच्याच अध्यासनावर बसला होता. गाल्टनने आपल्या पुस्तकात नोंदवावं असंच ते उदाहरण.

गाल्टनच्या विचाराची पुढची वाट अंधारी होती. १८८३ मध्ये त्याने ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. ‘चांगल्या’ वंशाची पैदास वाढवावी आणि ‘हीन’ वंशाची रोखावी, या कल्पनेतून अमेरिकेत सक्तीच्या नसबंदीचे कायदे झाले आणि नाझी जर्मनीत त्याहून भीषण प्रकार घडले. उपजत गुणांबद्दल बोलताना पुढच्या पिढ्यांतले संशोधक जपून पावलं टाकतात, त्यामागे हा इतिहास आहे.

मोहरी लक्षात राहतात कशी?

वाद वंशावळीच्या पलीकडे गेला तो संशोधकांनी निष्णात माणसाचं डोकं चालतं कसं, हे पाहायला सुरुवात केली तेव्हा. हॉलंडचे आद्रियान द ग्रोट हे मानसशास्त्रज्ञ स्वतः चांगले बुद्धिबळपटू होते. चाळीसच्या दशकात त्यांनी बड्या खेळाडूंना अनोळखी स्थिती दाखवून मोठ्याने विचार करायला सांगितलं. अपेक्षा अशी, की ग्रँडमास्टर इतरांपेक्षा कितीतरी चाली पुढचं पाहत असणार. प्रत्यक्षात चांगल्या क्लब खेळाडूच्या मानाने तो फार खोलवर पाहत नव्हता. त्याला चांगली चाल पहिल्या काही क्षणांतच ‘दिसत’ होती.

१९७३ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी हाच धागा पुढे नेला. खऱ्या डावातली, पंचवीसेक मोहरी असलेली स्थिती पाच सेकंद दाखवायची, मग रिकाम्या पटावर मांडायला सांगायची. मास्टर पहिल्याच खेपेला १६ च्या आसपास मोहरी बिनचूक मांडायचा, नवशिका चार. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून ठेवली, की मास्टरची जादू ओसरायची; तोही नवशिक्याच्या पंगतीत येऊन बसायचा. म्हणजे स्मरणशक्ती मुळात अफाट नव्हती. किल्लेकोट केलेला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी आणि शेजारचा घोडा ही नवशिक्याला पाच वेगळी मोहरी दिसतात, मास्टरला तो एकच ओळखीचा आकार दिसतो. असे हजारो आकार वर्षानुवर्षांच्या खेळातून डोक्यात साठलेले असतात. नंतरच्या प्रयोगांत विस्कटलेल्या पटावरही मास्टर किंचित सरस ठरतो असं दिसलं, पण ते किंचितच.

त्याच विद्यापीठात पुढे चेस आणि आंदर्स एरिक्सन यांनी एका सर्वसाधारण विद्यार्थ्यावर प्रयोग केला. सेकंदाला एक या वेगाने आकडे वाचून दाखवायचे आणि त्याने ते त्याच क्रमाने म्हणायचे. सुरुवातीला त्याची मजल तुमच्याआमच्यासारखीच, सात आकड्यांपर्यंत. दोनशेहून अधिक तासांच्या सरावानंतर ती ७९ वर गेली. हे जमलं कसं? गडी लांब पल्ल्याचा धावपटू होता. ३, ४, ९, २ हे आकडे कानावर आले की तो मनात म्हणायचा : तीन मिनिटं ४९.२ सेकंद, एक मैलाच्या जागतिक विक्रमाच्या जवळपासची वेळ. आकड्यांऐवजी अक्षरं वाचायला घेतली, की स्वारी पुन्हा सहावर! सरावाने स्मरणशक्ती वाढली नव्हती. आकड्यांसाठी एक खास खुंटी तयार झाली होती.

आपल्या शकुंतला देवींचीही एक नोंद या संदर्भात महत्त्वाची आहे. १९८० मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी तेरा-तेरा अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत सांगितला होता. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात आर्थर जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने त्यांची तपासणी केली. जेन्सन हे बुद्धी मुख्यतः आनुवंशिक असते या मताचे कट्टर पुरस्कर्ते, आणि मेंदूचा मूळ वेग मोजणाऱ्या साध्या चाचण्यांवर त्यांची भिस्त. दिवा लागला की बटण दाबा, अशा त्या चाचण्यांत शकुंतला देवींचा वेग चारचौघांसारखाच निघाला. असामान्यपण आकड्यांशी असलेल्या त्यांच्या आयुष्यभराच्या सलगीत होतं. ती सलगी तीन वर्षांच्या मुलीला का लागली, हे मात्र चाचणीने सांगितलं नाही.

दहा हजार तासांचं गारूड

एरिक्सन यांनी १९९३ मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर प्रसिद्ध केलेल्या निबंधाने या वादाचं पारडं एकदम फिरवलं. बर्लिनच्या संगीत अकादमीतले व्हायोलिन विद्यार्थी त्यांनी तीन गटांत घेतले : सर्वोत्तम, चांगले, आणि पुढे संगीत शिक्षक होऊ घातलेले. लहानपणापासून एकट्याने किती रियाज केला याचा हिशेब मांडला. अठराव्या वर्षापर्यंत सर्वोत्तम गटाचे सरासरी ७,४१० तास झाले होते, चांगल्यांचे ५,३०१, शिक्षकी गटाचे ३,४२०. विसाव्या वर्षी पहिला गट दहा हजारांच्या पुढे गेला होता. एरिक्सन यांचा निष्कर्ष ठाम होता : उंची आणि शरीराची ठेवण सोडली तर आपण ज्याला देणगी म्हणतो ते बहुतेक सगळं हेतुपूर्वक केलेल्या सरावाचं फळ आहे. नुसता खेळ किंवा नुसती घोकंपट्टी म्हणजे हा सराव नव्हे. गुरू समोर, नेमकी कच्ची जागा हेरलेली, चूक झाली की तिथल्या तिथे दुरुस्ती, आणि म्हणूनच कंटाळवाणा आणि दमवणारा, असा तो सराव.

२००८ मध्ये माल्कम ग्लॅडवेलच्या ‘आउटलायर्स’ या पुस्तकाने त्यातला दहा हजारांचा आकडा उचलला आणि जगभर नियम म्हणून फिरवला. मूळ निबंधात तो नियम नव्हताच. ती एका गटाची सरासरी होती, म्हणजे त्या गटातल्या अनेकांचे तास त्याहून कमी होते. आणि विसाव्या वर्षी ती मुलं विद्यार्थीच होती, अजून कुणी उस्ताद झालेलं नव्हतं. आपला आकडा असा वापरला जाण्यावर एरिक्सन यांनी स्वतः जाहीर आक्षेप घेतला. पण ‘दहा हजार तास करा आणि मोठे व्हा’ हे सूत्र पालकांना, क्लासवाल्यांना आणि व्याख्यात्यांना इतकं सोयीचं होतं, की ते कुणी परत द्यायला तयार नव्हतं.

उलट पुरावा बुद्धिबळातूनच आला. फर्नांड गोबे आणि गियर्मो कांपितेली यांनी २००७ मध्ये अर्जेंटिनातल्या खेळाडूंच्या सरावाचा हिशेब प्रसिद्ध केला. मास्टर व्हायला सरासरी सुमारे अकरा हजार तास लागत होते. इथवर एरिक्सन बरोबर. पण एकाला ती पातळी ३,०१६ तासांत गाठता आली आणि दुसऱ्याला त्यासाठी २३,६०८ तास मोजावे लागले. पंचवीस हजार तास घालूनही मास्टर न झालेले खेळाडूही त्यांत होते. सराव केल्याशिवाय कुणीच वर गेलं नव्हतं. पण सारख्या सरावाचं फळ सारखं मिळत नव्हतं.

२०१४ मध्ये ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी ८८ अभ्यास एकत्र करून पाहिले. माणसामाणसांतल्या कौशल्याच्या फरकापैकी सरावाने उलगडणारा वाटा बुद्धिबळासारख्या खेळांत २६ टक्के निघाला, संगीतात २१, मैदानी खेळांत १८. एरिक्सन यांनी तक्रार केली, की यात कुठलाही सराव मोजला गेला आहे, मी म्हणतो तसा नव्हे. तक्रारीत तथ्य होतं, तरी उरलेला भाग मोठाच होता. त्याच वर्षी स्वीडनमधल्या दहा हजारांवर जुळ्यांचा अभ्यास आला. सूर, लय आणि चाल ओळखण्याच्या परीक्षेत, एकाने खूप रियाज केलेला आणि दुसऱ्याने जेमतेम, अशा एकरूप जुळ्यांमध्येही म्हणण्यासारखा फरक नव्हता. आणि रियाज किती करायचा, हेसुद्धा ४० ते ७० टक्के आनुवंशिक निघालं. ही परीक्षा कानाची होती, वाजवण्याची नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही ‘कष्ट’ नावाचा जो हुकमी पत्ता दुसऱ्या पक्षाकडे होता, त्यावरच पहिल्या पक्षाने हक्क सांगितला. तासन्‌तास पटापाशी बसवणारी ओढ बाहेरून कितपत लावता येते?

गुंता आणखी एका अभ्यासाने वाढवला. ब्रिटनमधल्या शाळकरी बुद्धिबळपटूंत बुद्ध्यंक आणि खेळ यांचा संबंध तपासला गेला. सगळ्या मुलांत हुशार मुलं थोडी बरी खेळत होती. पण त्यांतल्या अव्वल मुलांपुरतं पाहिलं, तर जास्त बुद्ध्यंकाची मुलं उलट मागे होती, कारण ती सराव कमी करत होती.

टक्केवारी कुणाची?

इतके आकडे, आणि सगळे एकमेकांच्या अंगावर येणारे. मला वाटतं, त्यांच्यात दिसतो तेवढा विरोध नाही. प्रत्येक आकडा कोणत्या माणसांची कोणाशी तुलना करून काढला आहे, हे आधी पाहायला हवं.

‘२६ टक्के’ याचा अर्थ ज्युडिट पोल्गरच्या खेळातला सव्वीस टक्के भाग सरावातून आला, असा होत नाही. एका माणसाच्या गुणाची अशी वाटणीच करता येत नाही. आयताच्या क्षेत्रफळात लांबीचा वाटा किती, असं विचारण्यासारखं ते आहे. टक्केवारी असते ती अनेक माणसांमधल्या फरकाची. आणि तो फरक कशामुळे पडतो, हे परिस्थितीप्रमाणे बदलतं. ज्वारीच्या एकाच पोत्यातलं बी अर्धं काळ्या कसदार रानात पेरलं आणि अर्धं मुरमाड माळावर. काळ्या रानात माती सगळ्यांना सारखी, तेव्हा तिथे एक ताट उंच आणि एक बुटकं दिसलं तर ते बियाण्यामुळे. पण दोन्ही शेतांची तुलना केली, तर फरक निव्वळ मातीचा. बियाणं तेच, मात्र ‘फरक कशामुळे’ या प्रश्नाची दोन वेगवेगळी आणि दोन्ही खरी उत्तरं मिळतात.

आता बर्लिनचे विद्यार्थी पाहा. ते सगळे आधीच पारखून, गाळून घेतलेले. अकादमीत न पोचलेली मुलं हिशेबातच नाहीत. अशा गटात उरलेल्या फरकाचं श्रेय रियाजाला मिळालं, यात नवल नाही. स्वीडनमध्ये संगीत शिकायची सोय सर्वदूर आहे, माती बऱ्यापैकी सारखी आहे. तिथे बियाणं उठून दिसणारच. आणि गाल्टनचे न्यायाधीश ज्या इंग्लंडात होते, तिथे बहुसंख्य मुलं माळावरच पेरली जात होती.

बुद्धिबळातल्या स्त्री-पुरुष फरकाचंही असंच आहे. जर्मनीतल्या एक लाखावर नोंदणीकृत खेळाडूंचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे एका स्त्रीमागे सोळा पुरुष खेळत होते. एवढ्या मोठ्या गटाचे शिलेदार छोट्या गटाच्या शिलेदारांपेक्षा वरचढ असणारच. दोन्हीकडच्या पहिल्या शंभरांमधला ९६ टक्के फरक केवळ या संख्येवरून उलगडतो, असा हिशेब मांडला गेला. त्यावर आक्षेपही आले : मुळात इतक्या कमी मुली खेळायला का येतात, याचं उत्तर त्यात नाही. पण त्या उत्तराचा एक तुकडा रोहिणी खाडिलकरच्या कहाणीतच सापडतो. १९७६ मध्ये ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांना स्पष्ट करावं लागलं, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून अडवता येणार नाही.

आणि आता भारताचाच पट पाहा. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला. दुसरा दिव्येंदू बरुआ १९९१ मध्ये, तिसरा मुंबईचा प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये. तिघांना मिळून नऊ वर्षं लागली. २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या १९ वर्षांच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्या विजयाबरोबर तिला मिळालेला ग्रँडमास्टर किताब देशातला ८८ वा होता. अंतिम फेरीत तिच्यासमोर होती कोनेरू हंपी, म्हणजे तीही भारतीयच. त्याआधी सात महिने चेन्नईचा डी. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला होता.

सदतीस वर्षांत एका देशाची गुणसूत्रं बदलत नाहीत. एकाचे ८८ झाले ते मातीमुळे : आनंदचं उदाहरण, संगणकावर मिळू लागलेले लाखो डाव, घरबसल्या जगाशी खेळता येणं, गल्लीतले वर्ग, वाढलेल्या स्पर्धा, पदरमोड करून मुलांबरोबर फिरणारे पालक. गुकेशच्या डॉक्टर वडिलांनी त्याच्यासाठी व्यवसाय काही काळ बाजूला ठेवला होता. ‘भारतात एवढे ग्रँडमास्टर कुठून आले’ या प्रश्नाचं उत्तर द कँडोलच्या बाजूने जातं.

पण प्रश्न बदलून विचारा : चेन्नईत एकाच प्रकारचे वर्ग, तेच शिक्षक, तेच संगणक लाभलेल्या शेकडो मुलांतून नेमका गुकेशच का? आता मातीचं उत्तर पुरत नाही. पालकांचा त्याग इतर घरांतही होता, तास इतरांनीही घातले होते. इथे उपजत काहीतरी मानावं लागतं. ते एकच एखादं ‘बुद्धिबळाचं गुणसूत्र’ असण्याची शक्यता नाही. शिकण्याचा वेग, तग धरण्याची वृत्ती, हरल्यावर पुन्हा पटाशी बसण्याची ताकद, अशा अनेक बारीक धाग्यांची ती वीण असणार. त्यात पहिला चांगला शिक्षक कोणत्या वयात भेटला, असा नशिबाचा भागही मिसळलेला असतो.

यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो गाल्टनच्या नेमका उलटा आहे. समजा पहिल्या पक्षाचं म्हणणं शंभर टक्के मान्य केलं, की प्रतिभा दुर्मीळ आणि जन्मजात असते. तरी सहा वर्षांच्या मुलाकडे पाहून ती ओळखण्याची कुठलीही खात्रीची चाचणी आज जगात नाही. ज्युडिट पोल्गरची सुरुवात बहिणीच्या नजरेला संथ वाटली होती. मग ती कोणत्या घरात उगवेल हे माहीत नसताना मोजक्या नामांकित घरांतच शोधत बसणं हा उपजत गुणांवर विश्वास ठेवणाऱ्यासाठी सर्वांत मोठा तोटा आहे. आणि दुसऱ्या पक्षाच्या मते कुणालाही घडवता येत असेल, तर पट जितक्या मुलांपुढे पोचेल तितकं चांगलंच. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ चालवलं आणि त्या गावाने देशाला खेळाडू दिले, ते असा कुठलाही वाद निकाली निघण्याची वाट न पाहता. वाद संशोधकांनी जरूर चालवावा. अजून पुष्कळ काही उलगडायचं आहे. शाळांनी आणि पालकांनी मात्र त्याच्या निकालासाठी खोळंबून राहण्याचं कारण नाही, कारण कुणीही जिंकलं तरी त्यांना करायचं काम एकच आहे : जास्तीत जास्त मुलामुलींना पटापाशी आणायचं, आणि कोण पुढे जाईल हे आधीच ठरवून टाकायचं नाही.